पडलेल्याचं पुढे काय झालं

मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे, आणि माझ्या फटक्याने दोन माणसे रक्तबंबाळ झालेली आहेत. कोशाला हात नसतात हे मला ठाऊक आहे, मित्रांनो. तरी पोलिसांच्या कागदात ‘हत्यार’ या शब्दापुढे माझेच वर्णन लिहिले गेले: जाड पुस्तक एक, वजन सव्वाचार किलो, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. आत काय लिहिले आहे याची तिथे कोणी चौकशी केली नाही. ती चौकशी एका माणसाने फार वर्षे केली होती, आणि मला त्याच्याबद्दलच सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांनी माझ्यापायी डोळे घालवले. पाने दुमडणाऱ्या बायकांची बोटे कागदाने कापली. शेवटी एका म्हाताऱ्या बांधणीवाल्याने मला टेबलावर दोनदा आपटून पाहिले आणि म्हणाला, “हा आपल्याहून जास्त जगेल.” मी शब्दाचा नुसता अर्थ सांगून मोकळा होत नाही. प्रत्येक शब्दाखाली जुन्या, थोर ग्रंथांतल्या ओळी देतो. हा शब्द अमक्या शतकात कोणी कसा वापरला, पुढच्या शतकात कसा, आणि कधीपासून तो लोकांच्या तोंडून गेला. शब्दांनाही बालपण आणि म्हातारपण असते, ते माझ्या पानांवर दिसते.

माझी पहिली सव्वीस वर्षे एका न्यायाधीशांच्या टेबलावर गेली. ती सुखाची होती. ते हात पुसल्याशिवाय मला शिवत नसत. ते वारले तेव्हा त्यांच्या मुलीने सगळी पुस्तके खोक्यांत भरली आणि तुरुंगाला देऊन टाकली. खोकी उचलणाऱ्याला ती म्हणाली, “बाबांनी इतकी माणसं आत धाडली, आता पुस्तकंही जाऊ देत.”

तुरुंगाचे ग्रंथालय म्हणजे बंद पडलेल्या मागांची शेड होती. भिंतीला अजून तेलाचे डाग होते. छताला दोन पंखे, त्यांतला एकच फिरायचा. मी आलो त्याच महिन्यात त्या फिरणाऱ्या पंख्याखालच्या जागेवरून दोघांची जुंपली. एकाने हाताला आले ते उचलले. हाताला मी आलो. दुसऱ्याचे चार दात फरशीवर पडले आणि त्याच्या तोंडातले रक्त माझ्या कडांवर उडाले. मारणाऱ्याला अंधारकोठडी झाली. मलाही शिक्षा झाली. माझ्या पुठ्ठ्याला भोक पाडून मला साखळीने टेबलाच्या पायाशी बांधले. बाकीच्या कैद्यांना निदान दिवसातून दोनदा फिरायला सोडत.

माझा कागद पातळ, म्हणून तंबाखू गुंडाळायला उत्तम. एक्स, वाय आणि झेड ही तिन्ही अक्षरे वर्षभरात धूर होऊन गेली. त्यांच्यावाचून कोणाचे अडले नाही, पण मला मात्र अजून शेवटाकडे गार लागते.

ग्रंथालय मास्तरांच्या ताब्यात होते. मास्तर कैदीच होते. पूर्वी इंग्रजी शिकवत. त्यांच्याकडे शिकायला एक आडदांड माणूस येई. तो जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत होता, म्हणून सगळे त्याला घण म्हणत. मास्तर परीक्षेचे पेपर फोडून आत आले होते आणि घण डोके फोडून. “दोघंही फोडाफोडीचेच आरोपी,” असे मास्तर नव्या माणसाला सांगत आणि स्वतःच हसत. घण हसत नसे. त्याने फोडलेले डोके त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाचे होते.

दोघे भाऊ एकाच घरात, मध्ये भिंत घालून राहत. गच्चीवर पाण्याची टाकी एकच होती आणि मोटर एकच. कोणी किती वेळ मोटर चालवायची यावरून वर्षभर धुसफुस चालली होती. एका सकाळी शब्दाने शब्द वाढला. घण कामावर निघाला होता, खांद्यावर पहार होती. ती त्याने खांद्यावरून काढली आणि भावाच्या डोक्यात घातली. भाऊ खाली पडला. घण पहार टाकून पळाला. संध्याकाळी एका बस थांब्यावर त्याला पकडले. जन्मठेप झाली.

तो आत आला तेव्हा त्याला सही येत नव्हती. त्याच्याकडे एक पिशवी होती, आणि तिच्यात त्याच्या खटल्याचा निकाल. तो इंग्रजीत होता. सत्तावीस पाने. आपल्याबद्दल एवढे कोणी काय लिहिले आहे हे त्याला स्वतः वाचायचे होते. दुसऱ्याने वाचून दाखवलेले नको होते. मास्तरांनी त्याला अक्षरापासून शिकवले. सहा वर्षे लागली. मी टेबलाशी बांधलेला, आणि तो माझ्यावर वाकलेला, बोट ओळीखाली फिरवत, ओठ हलवत.

एका दुपारी तो अकराव्या पानावर पोहोचला. तिथे डॉक्टरांची साक्ष होती. ती त्याने तीनदा वाचली. मग मान वर केली.

“मास्तर, हे पाहा. माझा भाऊ लगेच गेला नव्हता. इथे पाऊण तास लिहिलंय.”

“तुला माहीत नव्हतं?”

“मला वाटलं, एका घावात गेला. सहा वर्षं मी तेच धरून होतो. निदान कळलं तरी नसेल त्याला, असं वाटायचं.” त्याने निकाल मिटला. “पाऊण तास तो होता. मी नव्हतो. वहिनी एकटी होती.”

त्यानंतर तीन महिने तो ग्रंथालयात फिरकला नाही. बराकीत एकाशी भांडला, भिंतीवर स्वतःचे कपाळ आपटून घेतले, आठ टाके पडले. अखेर मास्तरांनीच त्याच्या हातात एक जुने पुस्तक कोंबले. लढायांचे होते, घोडे आणि भाले यांचे. मन रमेल असे मास्तरांना वाटले. त्या पुस्तकात त्याला तो शब्द भेटला.

“हा शब्द लहान डिक्शनरीत नाही,” तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला.

“जुना आहे. आता कोणी बोलत नाही तसं,” मास्तर म्हणाले. “मोठ्याला विचार.”

त्यांनी माझे पान उघडले. शब्द होता स्माइट. भूतकाळात स्मोट, आणि मग स्मिटन. अर्थ: जोराने मारणे, प्रहार करणे, मारून पाडणे.

“मग सरळ ‘हिट’ का लिहीत नाहीत?”

“‘हिट’ आपण करतो,” मास्तर म्हणाले. “हे मोठ्यांचं असतं. देव करतो, राजे करतात, सरदार करतात.”

घणाने त्या शब्दावर बोट ठेवले. “हत्यार तेच असतं ना पण?”

“हत्यार तेच.”

“आणि डोकंही तेच.”

घणाने शब्दाखालच्या ओळी वाचायला घेतल्या. पहिल्या ओळीत एकाने दुसऱ्याला असे मारले की शिरस्त्राण दुभंगले. दुसरीत एका सेनेवर देवाचा प्रहार झाला. तिसरीत कोणीतरी कोणाला कानाखाली मारून जमिनीवर लोळवले.

“इथे हा पडला,” तो ओळीवर बोट ठेवून म्हणाला. “पुढे?”

“पुढे नाही. कोशात एकेकच ओळ असते.”

“मग पुस्तकात असेल.”

मित्रांनो, त्या दिवसापासून त्याने एक वही घातली. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांत जिथे जिथे स्माइट येई, तिथली जागा तो टिपून ठेवी. पानाच्या वरच्या बाजूला त्याने पट्टीने आखून चार मथळे लिहिले होते: कोणी मारलं, कशाने मारलं, कोणाला मारलं, आणि पडलेल्याचं पुढे. न्यायाधीशांच्या खोक्यांत जुन्या ग्रंथांची कमी नव्हती. धर्मग्रंथाचे जुने भाषांतर होते, वीरकाव्ये होती, नाटके होती, जाड कादंबऱ्या होत्या. त्यात चार वर्षे गेली. अडले की तो माझ्याकडे येई. माझ्या पानांवर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला, कारण तो दिवसा बांधणी विभागात काम करी आणि त्याच्या हाताला खळ असे.

त्याला जे दिसले ते मलाही ठाऊक नव्हते, कारण मी तुकडे सांगतो आणि तो अख्खी पुस्तके वाचत होता. सर्वांत जुन्या ग्रंथांत हा शब्द खराखुरा होता: हाड मोडायचे, माणूस मरायचा. मग जसजशी शतके उलटली तसतसे माणसांनी हातचे दगड खाली ठेवले आणि शब्द मात्र उचलून धरला. नाटकांत राजे नुसते ‘मारीन’ म्हणून गरजू लागले. पुढच्या कवितांत ऊन डोळ्यांवर प्रहार करी. कादंबऱ्यांत माणसाचे स्वतःचे मनच त्याला मारू लागले. चूक केलेला माणूस अंथरुणावर पडून म्हणे की पश्चात्तापाने मला घाव घातला. आणि सर्वांत शेवटी एके दिवशी घण पुस्तक घेऊन आला तो चक्क चिडलेला.

“मास्तर, इथे हा पोरगा एका पोरीला नाचताना बघतो आणि स्मिटन होतो. मारलं कोणी त्याला?”

“कोणी नाही. प्रेमात पडला.”

“त्याला हाच शब्द?”

“हाच. आता तर एवढाच अर्थ उरलाय. लोक थट्टेत वापरतात.”

घण बाकावर बसला. “म्हणजे लोकांनी मार सगळा धुऊन काढला आणि शब्द वाळत घातला.” असे म्हणून त्याने वहीत तोही पोरगा नोंदला. ‘कोणी मारलं’ खाली लिहिले, कोणी नाही. ‘पडलेल्याचं पुढे’ खाली लिहिले, लग्न झालं.

वहीत एकशे त्रेसष्ट जागा जमल्या होत्या. ज्यांत खरेच माणूस पडला अशा नव्वदांच्या वर होत्या. त्यांतल्या बहुतेकांपुढे त्याने एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिले होते: लिहिलेलं नाही. मारणारा पुढच्या ओळीत घोड्यावर बसून निघून जाई आणि ग्रंथ त्याच्याबरोबर जाई. पडलेल्यापाशी कोणी थांबत नसे, लिहिणाराही नाही. पाच ठिकाणी मात्र कोणीतरी त्याचे डोके मांडीवर घेतले होते. ती पाच पाने घणाला पाठ होती.

याच सुमारास आमच्याकडे काकाचे राज्य आले. सगळे त्याला काका म्हणत. तो कैदीच होता, पण शिपाईसुद्धा त्याला वाट देत. त्याला कधी आवाज चढवावा लागत नसे. आजारी कैद्यांचे दूध आणि औषधे त्याची माणसे पळवत आणि बाहेर पोहोचवत. उन्हाळ्यात तिसऱ्या बराकीतला एक माणूस तापाने तडफडून मेला. नऊ दिवस तो औषध मागत होता. मास्तरांनी वरच्या न्यायालयाला अर्ज लिहिला. मग दुसरा, मग तिसरा. तपासणीला माणसे येणार अशी बातमी पसरली.

काका एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि माझ्या कोपऱ्यावरची पितळी पट्टी बोटाने चाचपत घणाशी बोलला.

“घण, तुझी सुटकेची फाइल वर गेलीय ना? चार महिने राहिले असतील.”

“हो.”

“मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं तेवढी मोड. लिहिणं बंद झालं म्हणजे झालं. जीव घ्यायचा नाही, मी काय राक्षस आहे?”

“मला जमणार नाही, काका.”

“का? या कामात तू नवीन आहेस का?”

काका उठला, घणाच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. घणाने मास्तरांना गाठले. “दोन दिवस बराकीतच राहा. ताप आलाय म्हणून सांगा.”

“ताप आला तर इथे औषध मिळत नाही, तेच तर मी लिहितोय,” मास्तर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला चष्मा पुसत येऊन बसले.

दुपारची मोजणी झाली होती. शिपाई जेवायला गेले होते. काका आत आला आणि त्याच्याबरोबर दोघे. घण मागच्या कपाटांशी होता. एकाने घासून धारदार केलेल्या चमच्याचे टोक त्याच्या गळ्याला लावून त्याला तिथेच उभे केले. दुसऱ्याने मास्तरांचा उजवा हात मनगटाला धरून टेबलाच्या उघड्या खणात ठेवला आणि खणावर लाथ घातली.

मी त्याच टेबलावर होतो. लाकूड हादरले, मी हादरलो. मास्तर ओरडले नाहीत, त्यांचा श्वासच अडकला. दुसऱ्या लाथेला ते ओरडले. खणाच्या फटीतून रक्त ओघळून फरशीवर टपकू लागले.

“बघतोयस ना,” काका घणाला शांतपणे म्हणाला. “तू केलं असतंस तर एका झटक्यात झालं असतं. म्हाताऱ्याचे हाल वाचले असते.”

तिसरी लाथ उचलली गेली तेव्हा घण हलला. चमच्याचे टोक त्याच्या गळ्यावरून घसरून दंडात उतरले आणि कोपरापर्यंत फाडत गेले. तो थांबला नाही. त्याने मला दोन्ही हातांनी धरले आणि ओढले. साखळी तुटली नाही. माझा पुठ्ठाच फाटून साखळीपाशी राहिला. बाकीचा मी वर उचलला गेलो आणि खाली आलो. माझा पितळी कोपरा काकाच्या कानाच्या वर बसला.

मित्रांनो, तो आवाज मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नव्हता. माझ्यात त्या क्रियेसाठी चाळीस शब्द आहेत. त्यांतला एकही त्या आवाजासारखा नाही.

काका बसकण मारल्यासारखा खाली आला आणि आडवा झाला. त्याच्या टाचा फरशीवर धडाधड आपटू लागल्या. कानातून आणि डोक्यातून रक्त वाहू लागले. बाकीचे दोघे पळाले. आणि घणही पळाला. होय, मी खोटे सांगणार नाही. मी त्याच्या हातातून गळून पडलो, आणि त्याचे पाय त्याला दारापर्यंत घेऊन गेले. उंबऱ्याशी तो उभा राहिला. त्याची पाठ मला दिसत होती. दंडातून रक्त बोटांवर आणि बोटांवरून जमिनीवर. आत मास्तर हात छातीशी धरून विव्हळत होते.

तो वळला. परत आला. काकाशेजारी गुडघे टेकले, त्याला एका कुशीवर वळवले, स्वतःचा सदरा काढून त्याची घडी केली आणि जखमेवर दाबून धरली. काकाच्या टाचा हळूहळू शांत झाल्या. डोळे उघडे होते.

“खिडकी उघड,” काका म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“उघडीच आहे,” घण म्हणाला.

“ताई आली का?”

“येतेय. वाटेत आहे.”

“तू कोण?”

“मी आहे. इथेच आहे. तुम्ही डोळे मिटू नका.”

असा तो बोलत राहिला. काय बोलावे ते सुचेना तेव्हा त्याने त्याला त्याच्या बहिणीबद्दल विचारले, घराला किती खोल्या होत्या ते विचारले. काका मधूनच उत्तर देई, मधूनच नुसता घरघरे. सदरा भिजून जड झाला. वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. मग शिपाई लाठ्या घेऊन धावत आले. त्यांना दिसले ते एवढेच: काका रक्तात पडलेला आणि घण त्याच्या अंगावर वाकलेला. त्यांनी झोडपायला सुरुवात केली. पाठीवर, मानेवर, खांद्यावर. घणाने हात उचलला नाही, कारण दोन्ही हात त्या सदऱ्यावर होते. एका लाठीने त्याचे डावे कोपर मोडले, ते मी ऐकले. तेव्हा तो एक हात सोडून दुसऱ्याने दाबत राहिला आणि एवढेच म्हणाला, “मला नंतर मारा. याला आधी उचला.”

काका मेला नाही. त्याची डावी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर लाखेची मोहर मारून न्यायालयात नेले. तिथल्या टेबलावर मी पडून होतो, माझ्या कडांवर वाळलेले रक्त, आणि चाकांच्या खुर्चीत बसलेला काका माझ्याकडे पाहत होता. त्याच्या ओठातून लाळ गळे आणि एक बाई ती पदराने पुसे. तीच त्याची ताई असावी.

डॉक्टरांनी सांगितले की जखम दाबून धरली नसती तर हा माणूस वाचला नसता. मास्तरांनी पट्ट्या बांधलेल्या हाताने शपथ घेतली आणि जे घडले ते सांगितले. सरकारी वकील म्हणाले की आरोपीने याआधी बापाच्या जागी असलेल्या थोरल्या भावाचे डोके फोडले आहे. तेही खरेच होते.

न्यायाधीशांनी विचारले, “मारल्यावर तू पळून का गेला नाहीस?”

“मागच्या वेळी गेलो होतो, साहेब,” घण म्हणाला.

पाच वर्षे वाढली. सुटकेची फाइल परत आली. तपासणीही झाली, दवाखान्यात औषधे आली, दूध आले, आणि काकाची माणसे दुसरीकडे पाठवली गेली. मास्तरांची तीन बोटे वाकडी राहिली. त्यांना पेन धरता येईना, तेव्हा ते तोंडाने सांगत आणि घण अर्ज लिही.

मला मात्र कोणी विचारले नाही. खटला संपला तरी मी न्यायालयाच्या कोठारात दोन वर्षे पडून होतो, एका बाजूला गंजलेले कोयते आणि दुसऱ्या बाजूला फुटक्या बाटल्या. गळक्या छपराखाली माझी पाने फुगली. वाळवीने बी आणि सी पोखरले. अखेर एका कारकुनाने माझ्यावर ‘निकामी’ असा शिक्का मारून मला तुरुंगात परत पाठवले. तिथून मी बांधणी विभागात गेलो, आणि घणाच्या समोर येऊन पडलो.

त्याचे डावे कोपर आता सरळ होत नव्हते. त्याने माझी पाने एकेक करून सुटी केली, ओल्या फडक्याने पुसली, वाळवली. मग दाभणाने शिवायला घेतले. एका हाताने जमत नव्हते म्हणून मास्तर समोर बसून चांगल्या हाताने दोरा धरत. तेव्हाच त्याने मास्तरांना ते सांगितले, आणि मी ते ऐकले.

हात मोडून दवाखान्यात पडला असताना त्याने वहिनीला पत्र लिहिले होते. अकरा वर्षांतले पहिले. वहिनी, मी माफी मागायला लिहीत नाही. दादा पाऊण तास होता हे मला निकालात वाचून कळलं. त्या वेळात तो काय बोलला ते तुम्हालाच ठाऊक आहे. सांगावंसं वाटलं नाही तर नका सांगू. एवढेच पत्र होते. चौदा महिने उत्तर आले नाही. मग एका सकाळी भेटीच्या खोलीत त्याचे नाव पुकारले गेले.

“जाळीपलीकडे वहिनी होत्या,” घण म्हणाला. “केस पांढरे झालेत. मी ओळखलंच नाही आधी. म्हणाल्या, मी माफ करायला आलेली नाही, भाऊजी. तुम्ही विचारलंत. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, पोलिसांनीसुद्धा नाही. म्हणून आले.”

मास्तरांनी दोरा बोटाभोवती गुंडाळून धरला.

“म्हणाल्या, टाकी भरून वाहत होती. सगळं पाणी जिन्यावरून खाली येत होतं आणि त्यात रक्त मिसळत होतं. मोटर बंद करायला उठावं तर ह्यांचं डोकं मांडीवर. आणि हे एकच विचारत होते.”

“काय?”

“‘तो गेला का?’” घणाने दाभण खाली ठेवले. “पुन्हा पुन्हा तेवढंच. तो गेला का, तो गेला का. वहिनी म्हणाल्या, मी गेला म्हणून सांगायचे, तरी पुन्हा विचारायचे. शेवटपर्यंत.”

“हं.”

“मग त्या म्हणाल्या, तुम्ही परत येऊन माराल या भीतीनं विचारत होते, की तुम्ही थांबला असतात तर बरं होतं म्हणून विचारत होते, हे मला आजतागायत कळलं नाही. तुम्ही त्यांचे भाऊ. तुम्हाला कळतंय का?”

“तू काय म्हणालास?”

“नाही म्हणालो.”

“आणि त्या?”

“म्हणाल्या, बरं. पिशवी उचलली आणि गेल्या.” त्याने दाभण पुन्हा हातात घेतले. “पुन्हा येईन म्हणाल्या नाहीत. येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. दोरा सैल पडतोय, मास्तर. ताणून धरा.”

दोघांनी मला त्या दिवशी पूर्ण शिवले.

मित्रांनो, आता मी पुन्हा ग्रंथालयात आहे. नवा पुठ्ठा साधा आहे, पितळेशिवायचा. मला जपाल तर मी अजून बरीच वर्षे काढीन. ओल्या हाताने पान उलटू नका, कोपरा दुमडू नका, आणि काहीही झाले तरी मला कोणावर उचलू नका. मी फार जड आहे, आणि माणसाचे डोके दिसते त्याहून नाजूक असते. आणखी एक करा. जुन्या ग्रंथात कोणी कोणाला मारून पाडले आणि घोड्यावर बसून निघाले, तर त्याच्यामागे लगेच धावू नका. पान उलटण्याआधी जरा त्या पडलेल्याजवळ बसा. लिहिलेले नसले तरी तो तिथे असतो, आणि पुष्कळदा तो अजून काहीतरी विचारत असतो.